देशात परत येणार ना

कळसूबाईची आन घेऊन सांगते, अन् मोठ्यानं सांगते, म्हंजी पलीकडच्या वाडीलाबी ऐकू जाईल: ह्यातला शब्द न् शब्द खरा हाय. राजूरच्या बाजारात बिबट्यानं पेढ्याच्या दुकानासमोर रांग लावली हुती, असं मी मागं सांगितलं हुतं, ते सोडा. त्यो बिबट्या निराळा. ही गोष्ट माझ्या नातीची हाय, दिशाची. नातीच्या गोष्टीत मी काय घालत न्हाई.

दिशा म्हंजी माझ्या रंगनाथाची पोरगी. आमी राजूरच्या वर, डोंगराच्या अंगाला राहतो, भात लावतो. घरात बारावीच्या पुढं गेलेली ती पहिली. नगरच्या पलीकडं, केडगाव सोडलं का एक कॉलेज हाय. नाव घेत न्हाई, उगा कुनाला राग नको. तिथं ती खायचे पदार्थ टिकवायचं शिकत हुती. म्हंजी आमी उन्हाळ्यात पत्र्यावर वाळत घालतो तेच, पन इंग्रजीतनं.

त्या कॉलेजनं एक नियम काढला. शिकनारानं एक सत्र परदेशात काढायचंच. समदे पेपर पास झाले, पहिला नंबर आला, तरी परदेश झाल्याबिगर पदवी न्हाई.

मी म्हनले, "का गं, हितले मास्तर कमी पडले का?"

"नाही आजी. त्यानं कॉलेजचं नाव मोठं होतं."

"मंग कॉलेजलाच पाठवा की परदेशी. तुला कशापायी?"

हसली न्हाई. त्या वर्सी ती हसायचीच कमी. सुट्टीला आली का दप्तर टाकायची अन् भिंतीला पाठ लावून बसायची, माझ्यापेक्षा म्हातारी झाल्यावानी.

तिच्या वाट्याला पोलंड आलं. मी वाडीत सांगून टाकलं का पोलंड म्हंजी संगमनेरच्या जरा पुढं, डाव्या हाताला. पैशाचं सरकार बघनार हुतं, तिनं त्यापायी निराळी परीक्षा दिल्ती. त्याचा घोर नव्हता. घोर निराळाच निघाला. झालं असं का, आदल्या साली तिथली काय पोरं परदेशी गेली अन् तिकडंच गडप झाली. तिकडच्या कॉलेजनं ह्या कॉलेजला झापलं. मंग ह्यांनी ठरवलं, पाठवायच्या आधी घरी फोन करून विचारायचं का पोर परत येनार ना. म्हंजी बघा, गेल्याशिवाय पदवी न्हाई, अन् परत येनार न्हाई असं वाटलं तर जाऊ द्यायचं न्हाई. मला तर नुसतं ऐकूनच धाप लागली.

घरचा नंबर म्हनून दिशानं माझा दिल्ता. रंगनाथ दिवसभर रानात, अन् आमच्या वाडीत रेंज येती ती फकस्त माझ्या ओट्यावर, रांजनापाशी. समदी तिथं बोलायला येत्यात, अन् मी तिथंच तांदूळ निवडीत बसते.

एक दिवस दुपारी फोन वाजला.

"दिशाच्या आजी बोलताय का? मी कॉलेजच्या परदेश विभागातून हर्षल बोलतोय. आपलं बोलणं रेकॉर्ड होतंय."

"हुं द्या की. जेवलात का?"

"अं? हो, जेवलो. आजी, एकच प्रश्न आहे. शिक्षण संपल्यावर दिशा देशात परत येणार ना?"

आता हितं थांबून सांगते, न्हाईतर तुमीबी त्या सायबावानी घोळ घालाल. आमच्याकडं घाटाच्या खाली ते कोकन. आमी राहतो ते डांगान. अन् अकोल्याच्या पुढं सपाटी लागली का त्यो देश. आमचा मानूस लग्नाला संगमनेरला गेला तरी आमी म्हनतो, देशावर गेलाय. सासू म्हनायची, तिची सासूबी म्हनायची. नगर म्हंजी तर लई खोल देश. त्यामुळं मी काय ऐकलं, तर पोरगी शिकून झाल्यावर नगरकडं राहनार का.

"देशात?" मी म्हनले. "न्हाई बा. देशात कशाला राहील ती? तिला देश आवडतच न्हाई. नुसतं ऊन, अन् पानीबी मचूळ."

पलीकडनं टकटक ऐकू आली, कायतरी लिहून घेत हुता.

"म्हणजे कायमची तिकडेच?"

त्यो नगरला, मी डोंगरात. त्याचं तिकडं म्हंजी माझं इकडं, असं मी धरलं.

"व्हय, तिकडंच. समदं ठरलंय तिचं."

"काय ठरलंय आजी?"

त्याचा आवाज पडल्यासारखा वाटला. बिचारा दिवसभर फोनच करीत असंन. मला वाटलं, चार शब्द गोड बोलावं, तेवढाच त्याला इसावा. अन् फोनवर नवं मानूस गावलं का माझी जीभ काय जागेवर राहत न्हाई.

"पोरगा बघून ठिवलाय," मी म्हनले. "गोरापान हाय. स्वताचं घर हाय, चारचाकी हाय. नुसती हिची वाट बघतोय."

असा पोरगा नव्हता. आमच्या अख्ख्या डांगानात गोरापान म्हनावा असा एक बगळा हाय, त्यो भाताच्या खाचरात उभा असतो.

"धन्यवाद आजी," सायेब म्हनाला, अन् फोन ठिवला. मी दिवसभर खूश. किती अदबीनं बोलला म्हनून तिघींना सांगितलं.

दोन दिस गेले न्हाई तोच दिशाचा फोन.

"आजी, माझं नाव काढलं. पोलंडच्या यादीतून."

"का?"

"तू त्यांना सांगितलंस की मी परत येणार नाही. तिकडं गोऱ्याशी लग्न ठरलंय म्हणून."

"गोऱ्याशी न्हाई गं. गोरापान म्हनले मी."

"आजी."

बस, एवढंच. रडली असती, भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. मंग हळू आवाजात म्हनाली, "ह्या वेळी नाही गेले तर पदवी नाही. तीन वर्षं गेली, आजी. हातात काहीच नाही राहणार."

सांच्याला रंगनाथ रानातनं आला. त्याला सांगितलं तर ओट्यावर विळा टाकून खालीच बसला.

"आये, तुझ्या तोंडाला एखादं कुलूप बसवता येतं का, ते बघून येतो राजूरला."

"बसव. पन आधी मला नगरला जाऊ दे. मी केलंय, मीच निस्तरते."

भात सोंगायला आल्तं, त्याला हलता येत नव्हतं. म्हनून मी एकटी निघाले. राजूरवरनं अकोले, अकोल्यावरनं संगमनेर, अन् संगमनेरवरनं नगर. पुढं उसाचे ट्रॅक्टर सुरू झाले. एकामागं दोन दोन ट्रॉल्या, गाडी त्यांच्या मागं गोगलगाईवानी. शेजारची बाई म्हनली, "कुठं निघाला मावशी?" मी म्हनले, "परदेशी." ती खिडकीकडं सरकली. मला पुढं काय रचावं ते सुचलंबी न्हाई, एवढी कंबर धरली हुती.

माळीवाड्याच्या स्टँडवर दिशा उभी हुती. पाया पडली, माझी पिशवी घेतली. रिक्षात बसलो तवा म्हनाली, "आजी, आत गेल्यावर गोष्टी नको सांगूस. विचारतील तेवढंच बोल."

"मी कवा जास्त बोलते?"

रिक्षावाल्यानं आरशातनं मागं बघितलं.

हर्षल सर म्हंजी किडकिडीत पोरगा, डोळे तांबारलेले, कानाला फोनचा वळ पडलेला. खोलीत एवढं गार का मी पदर गुंडाळून घेतला. त्यानं कम्प्युटरवर आमचं बोलनं लावलं. एक म्हातारी लई ठसक्यात बोलत हुती.

"ही कोन भवानी?" मी इचारलं.

"तूच आहेस आजी," दिशा म्हनाली.

गोरापान आलं तशी मी खाली बघाया लागले. सरांनी बंद केलं.

"आता सांगा, मी काय करू?"

मी सांगाया लागले. देश म्हंजी काय, डांगान म्हंजी काय, कोकन कुठं सुरू हुतं. सर कपाळावर हात ठिवून ऐकत हुते. मंग म्हनाले, "डांग? ते तर गुजरातमध्ये आहे ना? तुम्ही गुजरातला राहता?"

"सर, मी अकोले तालुक्यातली आहे," दिशा म्हनाली. "याच जिल्ह्यातली. आमच्याकडं देश म्हणजे सपाटीचा भाग. तुम्ही तिला विचारलंत देशात येणार का, तिनं ऐकलं नगरला येणार का. ती नाही म्हणाली."

"आणि तो गोरा?"

"त्यो मी रचला," मी म्हनले.

"का?"

"तुमचा आवाज पडला हुता."

त्यानं माझ्याकडं बघितलं. हसू आलं असतं, पन तेवढंबी तरान त्याच्यात नव्हतं.

मी म्हनले, "सर, रागावू नका, पन तुमच्या नियमानं तर हिचं परदेश झालंय. डांगान सोडून तीन वर्सं देशावर काढली. बोली निराळी, पानी निराळं, रस्त्यात कोन वळखीचं न्हाई. सनाला एकटी राहिली. ह्याच्यापरीस जास्ती काय असतं परदेशात?"

"पासपोर्टवर शिक्का असतो आजी."

"तुमी कुठं गेल्ता?"

"मी? मी नाही गेलो कुठं. माझ्या वेळी हा नियम नव्हता."

"मंग तुमची पदवी खरी धरायची का..."

दिशानं टेबलाखालनं माझ्या मांडीला चिमटा घेतला.

सर रागावले न्हाई. म्हनाले, "नियम मी केला नाही आजी. मी सकाळपासून लोकांच्या घरी फोन करतो आणि एकच प्रश्न विचारतो. कुणी रडतं, कुणी शिव्या देतं. जेवलात का असं तुम्ही एकट्यांनीच विचारलं." मंग जरा इचार करून म्हनाले, "वरच्या साहेबांना भेटतो. परवानगी दिली तर पुन्हा रेकॉर्ड करू. पण प्रश्न तोच, शब्द मला बदलता येत नाहीत. उत्तर तुमचं तुम्ही द्यायचं. मी शिकवणार नाही, हिनंही नाही. आणि या वेळी घोळ झाला तर मग मी काही करू शकत नाही. बाहेर बसा."

बाहेर गाड्या लावायच्या जागेपाशी लिंबाखाली बाकडं हुतं. तिथं बसलो. मी भाकर अन् ठेचा सोडला. दिशानं एक घास घेतला अन् हातातच धरून बसली.

"नुसतं व्हय म्हनायचंय ना? म्हनते की," मी म्हनले. "सरकारच्या देशात येनार, व्हय. मंग तू आपली आपल्या डांगानात येशील. ह्यांना काय कळतंय?"

तिनं तोंड गाड्यांकडं फिरवलं.

"दिशे?"

"आजी, मी तुला सांगणार होते. बाबांनाही अजून सांगितलं नाही." घास परत फडक्यात ठिवला. "केडगावला एक कंपनी आहे, मसाल्यांची. त्यांची लॅब आहे. गेल्या वर्षी मी तिथं महिनाभर शिकायला होते ना, त्यांनी सांगितलंय, पदवी घेऊन या, घेतो म्हणून."

"बरं. किती दिस?"

"नोकरी आहे आजी. दिवस नसतात तिला."

"अन् घरी?"

"येत जाईन ना." मंग माझ्याकडं न बघता म्हनाली, "वर डोंगरात माझ्या शिक्षणाचं काय आहे, तूच सांग. तिथं येऊन मी काय करू?"

मला लई गोष्टी सांगता आल्या असत्या. राजूरला मोठा कारखाना निघतोय, मंत्री पाहनी करून गेला, असं मी सहज सांगितलं असतं, अन् वर त्याच्या फेट्याचा रंगबी सांगितला असता. पन तोंड उघडलं अन् कायच येईना. एवढं लांबनं आल्ते. लिंबाचा पाला खाली पडत हुता अन् मी त्यो फडक्यावरनं झटकीत बसले.

"पानी दे," मी म्हनले.

तिनं बाटली दिली. मी प्याले. देशाचंच पानी ते, मचूळ.

जरा वेळानं सरांनी दारातनं हात केला. आत गेलो. वरचा सायेब हो म्हनाला हुता. दिशाला त्यांनी काचेच्या बाहेर उभं केलं. फोन माझ्यासमोर ठिवला, तांबडा ठिपका लागला.

"आजी, आपलं बोलणं रेकॉर्ड होतंय. शिक्षण संपल्यावर दिशा देशात परत येणार ना?"

मी ठिपक्याकडं बघत बसले. त्याचा देश निराळा अन् माझा निराळा, हे आता मला ठावं हुतं. पन दोन्हीकडं उत्तर एकच हुतं. अन् खरं सांगते, मनात आलं. येकदा पुन्यांदा न्हाई म्हनले, का झालं. पोलंड न्हाई, पदवी न्हाई, केडगाव न्हाई. पोरगी आल्या रस्त्यानं माझ्यासंगं माघारी येईल. म्हातारी येडी हाय म्हनत्याल, म्हनू द्या. घोळ एकदा झालाय, दुसऱ्यांदा झाला तर कोन नवल करील? रंगनाथबी चार दिस बोलला नसता, मंग बोलला असता.

काचेच्या पलीकडं दिशा उभी हुती. पिशवीचा बंद बोटाला गुंडाळायची, सोडायची. लहानपनी मी बाजाराला गेले का दारात अशीच उभी राहायची, माझ्या पदराचं टोक गुंडाळीत, मला नेतीस का म्हनून. मी नेत नव्हते. सांगायचे, राजूरला पोरं पकडनारा बाबा बसलाय. ती खरं मानायची.

"आजी?" सर म्हनाले.

"येईल," मी म्हनले. "देशातच येईल. देशातच राहील."

"नक्की?"

"तिनंच सांगितलंय मला. आताच."

त्यांनी ठिपका बंद केला. "धन्यवाद आजी. आणि तो गोरापान?"

"त्याला नको म्हनून कळवलं. लई रडला."

तवा कुठं त्यो पोरगा हसला. हसताना अगदी शाळेतला दिसत हुता. मी उठले तर गुडघा धरला, त्यानंच हाताला धरून दारापतोर आनलं.

दिशानं माझ्या तोंडाकडं बघितलं, तिला कळलं. स्टँडवर येईपतोर ती माझा हात धरून हुती. गाडी लागल्यावर खिडकीपाशी येऊन म्हनाली, "आजी, रागावलीस का?"

"न्हाई गं. दमले."

ते खरंच हुतं. कोल्हारपतोर मला झोप लागली.

मंग ती गेली. माघात गेली. फोनवर मला बर्फ दाखवायची. आमच्याकडं कापूस पिकत न्हाई, म्हनून वाडीतल्या बायांना मी सांगितलं का तिकडं कापसाचा पाऊस पडतो, मानसं सकाळी फावड्यानं गाद्या भरत्यात. ती ऐकून हसायची, पन तिचं तोंड उतरलेलं दिसायचं. म्हनायची, "आजी, इथं सगळे चांगले आहेत. पण संध्याकाळी कुणी कुणाशी बोलत नाही. तू काहीतरी सांग." मंग मी सांगायची, अन् ती ऐकता ऐकता तिथंच डोळे मिटायची. फोन चालूच. मी तिच्याकडं बघत बसायची, रेंज जाईपतोर.

सत्र संपलं, शिक्का मिळाला. आखाडात परत आली. विमानातनं उतरली ती सरळ आमच्याकडंच आली. घोटीपतोर गाडीनं, तिथनं जीपनं, अन् शेवटाला चिखलातनं चालत. अंगात त्यो तिकडचा जाड कोट, गुडघ्यापतोर चिखल. मी वळखलंच न्हाई, म्हनले, जंगल खात्याचं कोन आलं जनू. तिनं कोट काढला, माझ्या खांद्यावर टाकला अन् चुलीपुढं बसली. नाचनीची भाकर अन् चिंबोऱ्याचं कालवन, वरपून खाल्लं. मंग माझ्या मांडीवर डोकं ठिवून झोपली, ती दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली तरी उठंना. रंगनाथ दोनदा येऊन बघून गेला. माझी मांडी मेली, पन मी हलले न्हाई.

मंग केडगावला गेली. लॅबमधी लागली. खोली घेतलीया, दोघी राहत्यात. पदवी मिळाली त्याचा फोटो तिनं पाठवला, काळा झगा अन् चौकोनी टोपी. रंगनाथानं त्यो फोटो राजूरला जाऊन मोठा करून आनला, देवाच्या शेजारी लावलाय. आलं-गेलं बघून जातं. मी समद्यांना सांगते का टोपी पोलंडच्या राजानं दिली.

तर असं हाय. समदं खरं हाय.

फकस्त एक तेवढं मी घातलं. ती आधी आमच्याकडं आली ते. ती इमानतळावरनं रातच्या गाडीनं थेट केडगावला गेली, कामावर हजर व्हायचा सांगावा आल्ता तिला. त्यो कोट मी फोनातच बघितला. चिंबोऱ्या मी आनवून ठिवल्या हुत्या, त्या मंग रंगनाथानं अन् मी खाल्ल्या. सुट्टी मिळाली का येते म्हनाली हाय. कवा, ते मी विचारलं न्हाई.